मूकपटातल्या बाई आणि मामांची मिशी

आमच्या चाळीत दर वर्षी गणपतीत नाटक होई आणि नाटकाच्या दिवशी सकाळी माझे मामा मिशी उतरवत. हा सोहळा सार्वजनिक होता. न्हावी पटांगणात खुर्ची मांडी, मामा गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून तिच्यावर बसत आणि तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्यांतून माणसं वाकून बघत. डावी बाजू गेली की टाळ्या, उजवी गेली की शिट्ट्या. मग मामा उठत, टॉवेल पदरासारखा खांद्यावर घेत आणि मामीकडे बघून लाजत. मामी कठड्यावरून ओरडे, "पुरे झाला, आत येवा!" त्या घटकेपासून नाटकाचा पडदा पडेपर्यंत मामा नायिका असत.

अशी नऊ वर्षं त्यांनी नायिकेचं काम केलं. एरवी ते लालबागच्या एका गिरणीत साळखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, दोन माग, गिरणीच्या भाषेत साचे, चालवत.

मी त्यांच्या बहिणीची मुलगी. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी मॅट्रिक झाले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. पुढच्या शिक्षणासाठी मामांनी मला लालबागला आणलं, एका खोलीच्या संसारात कपाटामागे माझ्या अभ्यासाची जागा केली. स्टोव्हच्या आवाजाने माझं लक्ष उडतं म्हणून परीक्षेच्या दिवसांत मामी स्टोव्ह गॅलरीत नेऊन पेटवायची. मी बी. ए. झाले तेव्हा झगा घातलेला माझा फोटो मामांनी गणपतीच्या तसबिरीशेजारी लावला आणि उदबत्ती दोघांनाही ओवाळू लागले. मी किती वेळा सांगितलं, "मामा, मी जिवंत आहे हो." ते म्हणत, "असू दे. बी. ए. पण आसस."

हे सगळं आधी सांगितलं, कारण त्या माणसाच्या हातात वर्षातून एकदा येणारी एकच गोष्ट होती आणि ती मी काढून घेतली.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ जोरात होती. मी तेव्हा पालिकेच्या शाळेत शिकवत होते. सकाळी शाळा, दुपारी वह्या, संध्याकाळी सभा नाहीतर मोर्चा. आम्हां बायकांना प्रथमच कळलं होतं की आपल्याला मोठ्याने ओरडता येतं, आणि ते कळल्यावर आम्ही थांबायला तयार नव्हतो. त्या वर्षी नाटकाची बैठक भरली, तेव्हा एक कारकून तरुण उभा राहिला आणि म्हणाला, "मोर्च्यात बायका पुढे, लाठी खायला बायका पुढे, आणि आमच्या नाटकात नायिका मिशीवाली! यंदा खरी बाई पाहिजे."

"कोणाची?" मंडळाच्या सेक्रेटरींनी विचारलं. नाटक तेच लिहीत. "तुझी बहीण देतोस?"

तो खाली बसला. हशा पिकला. त्या हशाच्या भरात बायकांच्या बाजूने कोणीतरी म्हणालं, "मी करीन." आवाज माझा होता हे मला बाकीच्यांच्या तोंडाकडे बघून कळलं.

सगळे मामांकडे बघू लागले. मामांनी वर दिव्याकडे बघितलं. "शिकलेली हा. करूंदे," ते म्हणाले आणि पान आणायला खाली गेले.

चाळीतले एक जुने काका बोलले, "करून बघू. पण फसलं, तर पुन्हा बायकांचं नाव काढायचं नाही. मामा आहेतच." म्हणजे फसलं तर मी एकटी पडणार नव्हते. चाळीतल्या सगळ्या मुलींना घेऊन पडणार होते.

आणि मी फसणार हे पहिल्याच तालमीत दिसलं. मी वाक्यं स्पष्ट म्हणत होते, विरामचिन्हांसकट. नायकाचं काम त्या कारकून तरुणाकडेच होतं. तो दुसऱ्या दिवशी हात जोडून म्हणाला, "बाई, नवऱ्याशी बोलताय. गृहपाठ देताय असं वाटतं." मामा घरी नेहमीसारखे बोलत, पण गुणगुणायचे थांबले होते. नऊ वर्षांच्या साड्यांची ट्रंक कॉटखाली होती. तिचा विषय कोणी काढत नव्हतं.

त्याच आठवड्यात आमच्या मुख्याध्यापिकेने मला बोलावलं. दादरला एक बंगाली नटी राहते, तिला मराठी शिकायचं आहे, जाशील का? मी पायऱ्या दोन दोन करत उतरले.

ती एका शांत गल्लीत पहिल्या मजल्यावर राहत होती. पांढरी, रुंद तांबड्या काठांची साडी, तोंडात पान, वय पन्नाशीचं. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू शिकवणार? तू तर स्वतः शाळेत जातो असा दिसतो!" मग मला समोर बसवून आधी संदेश नावाची बंगाली मिठाई खायला घातली. बऱ्याच दिवसांनी तिला काम मिळालं होतं, मराठी चित्रपटात आईचं, आणि ते मराठी तिला स्वतःच्या तोंडाने बोलायचं होतं. फीचा विषय निघाला तेव्हा मी एका दमात म्हणाले, "फी नको. मला अभिनय शिकवा."

ती इतकी हसली की तिला पान बाजूला काढून ठेवावं लागलं.

मी तिला बाई म्हणे. ती मला दिदिमणी म्हणे. त्यांच्याकडे शाळेतल्या शिक्षिकेला तसं म्हणतात. आठवड्यातून दोनदा मी तिला धडा देई आणि धडा संपला की ती माझा घेई. "दिदिमणी, तू बोलतो फार छान. पण तुझा डोळा कुठे आहे? डोळा घरी ठेवून आला?" ती मला दहा दहा मिनिटं एक शब्द न बोलता बसवून ठेवी. आता राग. आता पत्र आलं. आता पत्रात काय आहे ते नवऱ्याला कळू द्यायचं नाही. माझ्या चेहऱ्याला कष्ट पडत. ती खुर्चीत बसून टाळ्या वाजवी किंवा कपाळावर हात मारी.

तिच्या आयुष्याची गोष्ट मला अशीच धड्यांच्या मधल्या वेळात कळली. उत्तर कलकत्त्यातल्या एका गल्लीत ती जन्मली. वडील लवकर गेले, आई लोकांकडे स्वयंपाक करी. ती बारा वर्षांची असताना चित्रपट कंपनीत पडदे रंगवणाऱ्या एका शेजाऱ्याने आईला सांगितलं की कंपनीला मुलगी हवी आहे आणि तिथे जेवण मिळतं. "ॲक्टिंग कोणाला पाहिजे होता? मी भातासाठी गेला," बाई म्हणाली. स्टुडिओ म्हणजे पत्र्याचं कुंपण आणि वर ताणलेलं मलमल, ऊन गाळून यायला. गंमत अशी, की जेवण मिळे ते काम संपल्यावर. ओठांना रंग लावला की काही खायला बंदी, ओठ बिघडतात.

तिच्याआधी त्या कंपनीत नायिका एक पुरुष होता. बंगालमध्ये जात्रा म्हणून नाटक असतं, आपल्या दशावतारासारखं. तो त्यातला राणीचं काम करणारा. नाटकात रात्रीच्या उजेडात चाले, पण चित्रपट उन्हात काढायचा. "सकाळी राणी, दुपारी दाढी निळी. बाराच्या नंतर तिला लांबून काढायचा!" म्हणून मुलगी हवी होती. बाईला वाटलं, हा आता माझा गळा धरणार. त्याने महिनाभर तिला साडी सावरायला, जिना उतरायला, मान वळवायला शिकवलं. "बाई कशी चालते ते मी एका पुरुषाकडून शिकला," बाई म्हणाली. तिने त्याला विचारलंही, का शिकवता? तो म्हणाला, साडी कोणाकडे तरी जाणारच, ती नीट सांभाळणाऱ्याकडे जावी.

मी त्या दिवशी दादरहून चालत घरी आले. कॉटखालची ट्रंक डोळ्यांसमोरून हलेना.

मग तिची चित्रं गल्लीगल्लीत लागली. घोड्यावर बसली, छपरावरून उडी मारली, नदीत पडली. पोहता येत नव्हतं हे पाण्यात पडल्यावर सांगितलं. मावशीच्या घरच्या लग्नाला आईला बोलावणं आलं, हिला नाही. त्याच मावशीने पुढच्या महिन्यात तिकिटं मागितली. पुढे चित्रपट बोलू लागले आणि मालक म्हणाले, तुझा आवाज जाड आहे. ती मुंबईला आली, उस्ताद ठेवून उर्दू शिकली, स्वतःची गाणी स्वतः गायली. ती बागेत गात असे आणि तबलजी कॅमेऱ्याला दिसू नये म्हणून झाडावर बसलेला असे. एकदा तो तबल्यासकट खाली आला. हे सांगताना ती खुर्चीतून उठून तबलजी, तबला आणि झाड अशी तिन्ही कामं करून दाखवी. मग नायिकेची बहीण, मग आई. एवढं सगळं करून तिला हुरहूर होती ती मूकपटांचीच. "तेव्हा मी सगळ्यात जास्त बोलला," ती म्हणाली, "आणि कोणीच ऐकला नाही."

हे मी संध्याकाळी जेवताना घरी सांगितलं. मामांचा घास हातातच राहिला.

"खयची बाई? बंगाली? घोड्यावरची?"

"हो. तुम्ही ओळखता?"

"ती माका ओळखत नाय. मी तिका ओळखतंय!" मामा म्हणाले आणि कित्येक दिवसांनी पहिल्यांदा हसले.

साळखात्यात शेकडो साचे एकदम धडधडतात. तिथे शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून साळखात्यातली माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलतात. साच्यांच्या चार रांगांपलीकडून गप्पा, थट्टा, भांडणं, सगळं आवाजाशिवाय. मामीची तक्रारच होती की या घरात कुजबुजायचं तर भिंतीकडे तोंड करून कुजबुजावं लागतं. तरुणपणी मामा आणि त्यांचे सोबती मूकपटाला जात आणि अगदी पुढच्या बाकांवर बसत. एकदा पडद्यावर बाई चांदण्यात नायकाच्या मिठीत होती. खाली अक्षरं आली: प्राणनाथ, या चंद्राच्या साक्षीने मी तुमची झाले. मागच्या खुर्च्यांवरची मंडळी सुस्कारे टाकत होती. पुढच्या बाकांवरचे विणकर मात्र बाकांवरून खाली पडत होते, कारण बाईचे ओठ हिंदुस्थानीत म्हणत होते, "पाय काढ गाढवा, साडी फाटेल!"

"मागचे ओरडूक लागले, गप बसा, रानटी खयचे!" मामा डोळे पुसत म्हणाले. "आम्ही तो शिणेमा चार वेळा बघलाव."

पुढच्या धड्याला मी हे बाईला सांगितलं. ती पान चघळायची थांबली. मला तीनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "तो गाढव खरंच गाढव होता. सगळा सीन पदरावर उभा." आणि हसता हसता खिडकीकडे वळली. "म्हणजे कोणीतरी ऐकला," ती म्हणाली. "तुझा मामाला आण."

"त्यांना सुट्टी मिळत नाही."

"मग मी येतो."

ती नाटकाला येणार म्हटल्यावर सेक्रेटरींनी तिला प्रमुख पाहुणी करून टाकलं आणि मी घाबरून मामांपुढे जाऊन बसले. "मामा, मला शिकवाल?"

मामांनी बिडी विझवली. मग कॉटखाली वाकून ट्रंक ओढली.

त्यानंतरचे पंधरा दिवस आठवले की अजून मला खुदकन हसू येतं. कामावरून आलेला, मिशी असलेला माणूस नऊवारी नेसून खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाले, आणि त्याच्यामागून त्याची बी. ए. भाची. मामी पाटावर बसून गुण देई. "ह्यांका आठ. तुका चार." नायिका दुसऱ्या अंकात क्षयाने मरायची आणि तिसऱ्या अंकात नवऱ्याच्या स्वप्नात येऊन संयुक्त महाराष्ट्राची घोषणा द्यायची. मरायच्या प्रसंगाशी मामा गंभीर झाले. "शेवटी ओठ असे हलवूचे. आवाज नाय काढूचो." आणि त्यांनी ओठ हलवून दाखवले. हे त्यांनी बाईच्याच एका मूकपटातून उचललं होतं. त्यात बाई रानात नवऱ्याच्या मांडीवर मरते. मरताना ती जे बोलली ते हिंदुस्थानी नव्हतं, तिच्या भाषेतलं होतं; एकाही विणकराला अर्थ लागला नाही. पण सगळं थिएटर रडलं. देवाचं काहीतरी असणार, असं सर्वांचं मत पडलं. मामांनी ओठांचा आकार पाठ केला आणि नऊ वर्षं दर गणपतीत तोच आकार करून ते मेले. दर वर्षी चाळ रडली.

"मंत्र हा तो," मामा म्हणाले. "एक हालचाल चुकवू नको."

मी आरशासमोर घोकला. पाठांतर हा माझा हुकमी विषय.

त्या वर्षी पोलिसांची परवानगी दिवेलागणीपर्यंतचीच मिळाली होती, म्हणून नाटक रविवारी दुपारी चारला ठरलं. आदल्या संध्याकाळी दादरला सभा होती. मी जाऊ नये असं मामीने सांगितलं होतं. मी गेले. लालबागहून निघालेल्या बायकांच्या रांगेत मी पुढे होते आणि घोषणेचा पहिला अर्धा भाग द्यायचं काम माझ्याकडे होतं. लालबाग ते परळ, परळ ते दादर, आणि सभा संपल्यावर उत्साहाने परत. इतकी सुखी मी आयुष्यात फार थोड्या वेळा झाले असेन.

रविवारी सकाळी मी मामीला चहा मागितला आणि तोंडातून नुसती हवा आली.

मिठाच्या गुळण्या झाल्या. आल्याचा काढा झाला. कोणी ज्येष्ठमध आणला, कोणी मध. दुपारी दोनपर्यंत मला फुंकर मारण्यापलीकडे काही जमेना. सेक्रेटरी डोकं धरून बसले. जुने काका हळहळले, पण खात्रीचं बोलले. "मी म्हटलं नव्हतं? मामा, वस्तरा बोलवू?"

न्हावी आला. खुर्ची मांडली. गॅलऱ्या भरल्या. मामांच्या ओठावर साबणाचा फेस चढला. मी जिन्यापाशी उभी राहून रडत होते, तेही बिनआवाजी.

तेवढ्यात दारात टॅक्सी थांबली आणि बाई उतरली. ठरल्यापेक्षा तासभर आधी. तिने मला बघितलं, फेसातल्या मामांना बघितलं. "काय झाला?"

मी तोंड हलवून सांगू लागले. काल ओरडले, आवाज गेला, आता मामा करणार, पुन्हा कधी कोणत्याही मुलीला काम देणार नाहीत. बाईला काही कळेना. सेक्रेटरींना काही कळेना. पण खुर्चीवरून मामा म्हणाले, "असा बोला नको गो. तुझा काय चुकला? मीच जा म्हटला असता."

बाईने मामांकडे वळून बघितलं. "तू ऐकला? ती काय बोलली ते?"

"सगळा," मामा म्हणाले. मग त्यांनी स्वतःच न्हाव्याचा हात धरून थांबवला. त्यांनी पटांगणाकडे, मांडलेल्या बाकांकडे बघितलं. वस्तरा त्यांच्या ओठापासून बोटभर अंतरावर होता. सबंध वर्षभर ज्या घटकेची त्यांनी वाट बघितली असती, ती घटका होती. "सेक्रेटरी," ते म्हणाले, "चाळीत साळखात्यातली माणसा किती?"

"निम्मी असतील."

"मग बाकड्याक एक बसवा." आणि मामांनी टॉवेलने फेस पुसून टाकला. मिशी तशीच होती. गॅलरीतून कोणीतरी निराश होऊन शिट्टी मारली.

बाईने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "आवाज नाही तर तोंड मिटायचा नाही. सगळा वाक्य पूर्ण बोलायचा. आम्ही असाच करत होतो."

चारला पडदा वर गेला. प्रत्येक बाकड्यावर एक विणकर, आणि मी तोंड हलवलं की तो बाकीच्यांना मोठ्याने सांगणार. सेक्रेटरींनी माझ्यासाठी फार सुंदर वाक्यं लिहिली होती. मी पहिलंच वाक्य हातवाऱ्यांसकट म्हटलं: हे नाथ, दारिद्र्याच्या या घोर तिमिरात आशेचा दीप कोण बरे उजळील? तिसऱ्या बाकड्यावरचा विणकर म्हणाला, "घरात तांदूळ संपले म्हणते."

"असं नाही लिहिलेलं!" विंगेतून सेक्रेटरी ओरडले.

"दिव्यात तेल नाय म्हणाली," पाचव्या बाकड्याने दुरुस्ती केली. तिसऱ्याने पाचव्याला डोळे तपासून घ्यायला सांगितलं. पण दहा मिनिटांत बाकं जुळली आणि माझं एकेक वाक्य पटांगणभर लहरीसारखं मागे जाऊ लागलं. मी डोळे घरी ठेवून आले नव्हते. आवाज नसल्यामुळे मला गृहपाठ देता येत नव्हता.

पहिल्या अंकाच्या शेवटी प्रेमप्रवेश होता. इथे मी एक खरं सांगते. नायकाचा पाय माझ्या पदरापासून चांगला हातभर लांब होता. तरी मी त्याच्या खांद्यावर मान टेकवली, तोंड समोरच्या खुर्चीवर बसलेल्या बाईकडे केलं आणि सावकाश, अक्षर अक्षर उच्चारलं, "पाय काढ गाढवा, साडी फाटेल!"

निम्मं पटांगण कोसळलं. नायक बिचारा पाय बघू लागला. बाकड्यावरच्या विणकरांना हसू आवरेना म्हणून उरलेलं निम्मं पटांगण "काय म्हणाली, काय म्हणाली" करत त्यांना गदागदा हलवू लागलं. बाईने शेजारच्याला विचारलं, त्याने सांगितलं, आणि तिने तोंडावर पदर धरला.

दुसऱ्या अंकात मी मेले. नायकाच्या मांडीवर, मामांनी शिकवलं तसं. बाकडी गप्प होती. मंत्राचा अर्थ सांगायचा नसतो हे सर्वांना ठाऊक होतं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मी ओठ हलवले, एक हालचाल न चुकता. डोळे मिटायच्या आधी मी बाईकडे बघितलं. तिचे खांदे हलत होते. रडतेय म्हणून मी धन्य झाले, आणि मग दिसलं की ती हसत होती. पदराचा बोळा तोंडात कोंबून, लाल होऊन हसत होती.

मेलेल्या माणसाला काही विचारता येत नाही. मी पडून राहिले आणि मनात म्हटलं, संपलं. चाळीला कळो न कळो, जाणणारीने बघितलं आणि तिला हसू आलं.

तिसऱ्या अंकात मी स्वप्नात आले ती तेच हसू डोळ्यांपुढे घेऊन. घोषणेच्या वाक्यासाठी मी मुठी आवळून पुढे गेले आणि तोंड उघडलं. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र. एक अक्षर बाहेर पडलं नाही. आणि सबंध पटांगण, तिन्ही गॅलऱ्या, विणकर, सूत कातायच्या कातखात्यातले, बायका, न्हावी, सगळे उठून उभे राहिले आणि गरजले, "झालाच पाहिजे!"

मी पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा तेच. मामा विंगेतून बाहेर आले होते आणि मिशीसकट ओरडत होते. मी सात वेळा केलं. आठव्यांदा सेक्रेटरींनी पडदा पाडला, कारण अंधारायला लागलं होतं.

नंतर बाई आमच्या खोलीत आली. मामीने पाट मांडला. मी भिंतीशी उभी होते. शेवटी राहवेना म्हणून मी तोंड हलवून विचारलं आणि मामांनी ते बाईला सांगितलं. "ती इचारता, ती मरताना तुमी हसलात कित्याक? मंत्र चुकलो काय?"

"मंत्र?" बाई म्हणाली. "कुठला मंत्र?" मग मामांनी सगळं सांगितलं. रानातला प्रसंग, रडलेलं थिएटर, नऊ वर्षं.

बाईने कपाळावर हात मारला. "अरे बाबा! सकाळपासून ओठाला रंग लावून ठेवला होता. दुपार झाली, तरी हे लोक सोडेना. मी काय बोलणार? मा, खिदे पेयेछे. आई, भूक लागली!"

मग मामीच्या हातातला पळा खाली पडला. "नऊ वर्सां!" ती म्हणाली आणि भिंतीला धरून हसू लागली. "नऊ वर्सां हो माणूस पटांगणात भूक भूक करून मरता, आणि मी खाली बसान रडतंय!" मामा आधी ओशाळले, मग तेही सुटले. आवाज नसताना हसणं फार दुखतं, हे मला त्या दिवशी कळलं.

हसणं ओसरल्यावर बाईने माझा हात ओढून मला शेजारी बसवलं. "एक अक्षर चुकला नाही," ती म्हणाली. "तुझा तोंडातून मी स्वतःला ऐकला."

मामीने डोळे पुसले, पान मांडलं, आंबोळ्या वाढल्या, काळ्या वाटाण्यांचं सांबारं वाढलं, मोदकावर तूप घातलं. "आता खावा," ती बाईला म्हणाली. "लय उशीर झालो."

बाई जेवत असताना जुने काका दारात आले. आत यायला संकोचत होते. माझ्याकडे बघून त्यांनी नुसती मान हलवली आणि मामांना विचारलं, "न्हावी थांबलाय खाली. त्याला काय सांगू?"

मामांच्या तोंडात मोदक होता. त्यांनी आवाज न करता नुसते ओठ हलवले. काका कातखात्यातले, ओठ वाचायची सवय नसलेले; त्यांना कळलं नाही. मला मात्र कळलं: जाऊंदे म्हणावं त्याका.

पुढच्या वर्षी नायिकेच्या कामासाठी चाळीतल्या तीन मुलींनी नावं दिली. त्यांना चालायला मामांनी शिकवलं, मरायलाही मामांनीच. मंत्र तोच ठेवला, कारण चाळ त्यावर रडायला सरावली होती. फक्त दुसऱ्या अंकाआधी मामी नायिकेला घरी बोलावून पोटभर जेवू घाली आणि मगच मरायला पाठवी.